दिल्लीहून ताश्कंद किती दूर?

दिल्लीहून ताश्कंद किती दूर आहे, असा प्रश्न एखाद्या शाळेत अथवा ग्रंथालयात विचारला, तर उत्तर देणारा बहुधा प्रथम मनातल्या मनात हिमालय ओलांडतो, मग एकदोन देश ओलांडतो आणि शेवटी ‘फार दूर’ असे म्हणून मोकळा होतो. पृथ्वीगोल मात्र वेगळे सांगतो. या दोन शहरांमधील पृष्ठभागावरचे लघुतम अंतर सुमारे १,५९० किलोमीटर आहे. दिल्लीहून चेन्नई सुमारे १,७६० आणि बंगळूर सुमारे १,७४० किलोमीटर भरते. म्हणजे उझबेकिस्तानची राजधानी भारताच्या राजधानीला तमिळनाडूच्या राजधानीपेक्षा जवळ आहे. काबूलचा प्रकार याहून नवलाचा. दिल्ली ते मुंबई हे अंतर सुमारे १,१५० किलोमीटर, तर दिल्ली ते काबूल सुमारे १,००० किलोमीटर. कझाकस्तानातील अल्माटी हे शहर तर दिल्लीच्या जवळजवळ नेमके उत्तरेस आहे. दिल्लीवरून जाणारे रेखावृत्त बोटाने वर नेत गेले की ते के-२ शिखरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवरून जाते आणि अल्माटीच्या शेजारी पोचते. तेही अंतर सुमारे १,६३० किलोमीटर, म्हणजे पुन्हा चेन्नईच्या अलीकडेच.

मराठी भाषेत दूरपणाची परिसीमा दाखविण्यास ‘अटकेपार’ हा शब्द आहे. १७५८ साली मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या, तेव्हापासून तो रूढ झाला. पुणे ते अटक हे अंतर पृथ्वीगोलावर सुमारे १,७०० किलोमीटर भरते. अटक ते ताश्कंद नऊशेच्याही आत. ज्या ठिकाणाला भाषेने टोक मानले त्याच्या पुढे, आलेल्या वाटेच्या निम्म्यावर, ताश्कंद आहे. तरीही सामान्य वाचकाला लंडन ओळखीचे वाटते आणि ताश्कंद परके वाटते, याचे कारण किलोमीटरांत सापडणार नाही.

वर दिलेले आकडे बरोबर आहेत. पण ते वाचून ताश्कंदला चेन्नईपेक्षा लवकर पोचता येईल असे कोणी धरून चालला, तर तो फसेल. नकाशासंग्रहांत व माहितीच्या कोष्टकांत ‘हवाई अंतर’ या मथळ्याखाली असा एकेक आकडा दिलेला असतो. हा मथळाच मुळात फसवा आहे. विमान त्या अंतराने उडते असा त्यातून अर्थ निघतो, आणि विमान तसे क्वचितच उडते. त्या आकड्याचा हवेशी काही संबंध नाही. तो पृथ्वीच्या गोलाकाराशी संबंधित आहे. ‘गोलीय अंतर’ म्हटले असते तर निदान दिशाभूल झाली नसती. अंतर आणि अवधी या दोन भिन्न जातींच्या राशी आहेत. अंतराच्या आकड्यास तारीख लागत नाही. अकबराच्या काळी ते जेवढे होते तेवढेच आज आहे. अवधीच्या आकड्यास मात्र तारीख लागते, आणि ती न लिहिता तो छापणे म्हणजे अर्धवट माहिती देणे होय. शालेय भूगोलात या दोहोंची सरमिसळ होते, आणि जे शिकण्याजोगे आहे ते नेमके या सरमिसळीत हरवते.

प्रथम अंतराचे पाहू. पृथ्वीगोलावर दोन शहरांच्या ठिकाणी बोटे ठेवून त्यांमध्ये दोरा ताणला, तर तो दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. ही वाट ज्या वर्तुळाचा भाग असते त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो, म्हणून त्यास बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून काढलेली रेषा ही नव्हे. सपाट नकाशा उत्तरेकडील प्रदेश ओढून ताणून दाखवितो, आणि त्यावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात लांबची असू शकते. दिल्ली व टोकियो ही जोडी घेतली तर दोरा दोन्ही शहरांच्या उत्तरेस चढून शांतुंग द्वीपकल्पाजवळून जातो, हे मुलांना दाखविले तर ती प्रथम विश्वास ठेवीत नाहीत. दिल्ली आणि ताश्कंद यांपासून पृथ्वीच्या मध्यापर्यंत दोन रेषा कल्पिल्या, तर त्यांमधील कोन सुमारे सव्वाचौदा अंशांचा होतो. दर अंशास सुमारे १११.२ किलोमीटर धरले की सुमारे १,५८५ किलोमीटर हा आकडा हाती येतो. तो कोन काढण्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश, रेखांशांतील फरक आणि ‘ज्या’चे कोष्टक एवढे साहित्य पुरते. ही ‘ज्या’ भारतीय ज्योतिषातली. ती अरबीत गेली, तेथून अपभ्रष्ट रूपात लॅटिनमध्ये गेली आणि ‘साइन’ होऊन परत शाळेत आली. अनुवादाच्या इतिहासात अशा घरी परतलेल्या शब्दांची संख्या थोडी नाही.

शहरांची अंतरे गणिताने काढण्याची ही विद्या आशियात फार जुनी आहे, आणि तिच्या थोर आचार्यांपैकी एक जण याच भूभागातला प्रवासी होता. अबू रैहान अल्-बिरूनी हा इ. स. ९७३ मध्ये ख्वारिझम प्रांतात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानच्या पश्चिम भागात जन्मला. गझनीच्या महमुदाच्या आश्रयास त्यास यावे लागले. त्या निमित्ताने तो पंजाबपर्यंत आला, संस्कृत शिकला आणि हिंदुस्थानातील विद्यांवर त्याने ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथामुळे तो भारतात प्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचा दुसरा ग्रंथ अधिक मोलाचा. इ. स. १०२५च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात गझनी शहर पृथ्वीवर नेमके कोठे आहे, हा प्रश्न त्याने सोडविला. त्यासाठी बगदादपासून गझनीपर्यंतच्या शहरांची एक साखळी धरली, आणि एकेका जोडीतील अंतर व अक्षांश यांवरून त्यांच्या रेखांशांतील फरक काढला. अंतरे त्याला मिळत ती काफिल्यांकडून. काफिल्याची वाट डोंगराला वळसा घालते, विहिरीसाठी वाकडी होते, चोरांच्या भयाने लांबते. हे ओळखून तो त्या आकड्यांतून वळणांपुरता भाग वजा करी, आणि मगच उरलेला आकडा गोलावरचे अंतर म्हणून गणितात घेई. मिठाच्या डोंगररांगेतील नंदना किल्ल्यावरून, डोंगराची उंची आणि क्षितिजाचा खाली झुकलेला कोन मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्याही काढली होती. वाटेचे अंतर निराळे आणि गोलाचे अंतर निराळे, हे एक हजार वर्षांपूर्वी त्यास पक्के ठाऊक होते. आजच्या कोष्टकांचे कर्ते ते विसरतात, एवढाच काय तो फरक.

अवधी मोजण्याची गरज मात्र विद्वानांहून राज्यकर्त्यांस अधिक. फरगाण्याहून आलेल्या बाबराने १५२८च्या डिसेंबरात आग्रा ते काबूल ही वाट मोजण्याचा हुकूम केला. दर नऊ कोसांस एक मनोरा बांधावा आणि दर अठरा कोसांस सहा घोड्यांची डाकचौकी असावी, असे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. मनोरे अंतर सांगणार होते, घोडे अवधी कमी करणार होते. दोन्हींची सोय निरनिराळी करावी लागते, एवढी समज त्या हुकमात आहे.

आता विमानाकडे वळू. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. १,५९० भागिले ८३० केले की दोन तासांहूनही थोडा कमी वेळ येतो. प्रत्यक्षात आकाश मोकळे असतानाही दिल्ली-ताश्कंद प्रवासास पावणेतीन ते तीन तास धरतात. मधला तासभर कोठे जातो? त्याचा काही भाग जमिनीवरच खर्च होतो. दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर विमान धावपट्टीपाशी जाऊन आपली पाळी येईपर्यंत थांबते. चढण्यास वेळ लागतो, उतरण्यास त्याहून अधिक, कारण उतरताना वेग टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो. याशिवाय विमान दोऱ्याच्या रेषेवरून जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांनी आणि सरहद्दीवरील ठरलेल्या प्रवेशबिंदूंतून जाते. आणखी एक गंमत तिकिटावर दिसते. ताश्कंदचे घड्याळ दिल्लीच्या अर्धा तास मागे असते. समजा, विमान दिल्लीहून सकाळी दहाला सुटले आणि बरोबर तीन तास उडाले, तर तिकिटावर पोचण्याची वेळ साडेबारा दिसेल. परतताना दोनला सुटले तर ती साडेपाच दिसेल. जाताना अडीच तास आणि येताना साडेतीन, असे वाचून वाऱ्याला दोष देणारे प्रवासी पुष्कळ. येथे वाऱ्याचा काही अपराध नाही, घड्याळे निराळी आहेत.

दोऱ्याची रेषा टाळण्यास पर्वत हेही एक कारण आहे. ही रेषा पंजाब आणि जम्मूवरून पीर पंजाल ओलांडते, पाकिस्तानच्या ताब्यातील गिलगिटच्या मुलखावरून हिंदुकुश व काराकोरम यांच्या सांध्याकडे जाते, पामीरच्या पश्चिम भागावरून खुजंदच्या आसपास उतरते आणि ताश्कंदला पोचते. विमान दहाअकरा किलोमीटर उंचीवरून जात असताना सात हजार मीटरांच्या शिखरांची त्याला काय अडचण, असे कोणी विचारील. अडचण सर्व काही सुरळीत असताना नसते. विमानातील हवेचा दाब काही बिघाडाने एकाएकी उतरला, तर वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत झपाट्याने खाली यावे लागते, कारण तेथे माणसाला बाहेरच्या हवेवर श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरून खाली लोंबणाऱ्या मुखवट्यांतील प्राणवायू अनेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपास पुरेल एवढाच असतो. खाली पामीर किंवा तिबेटचे पठार असेल, तर तीन हजार मीटरांवर हवा नसते, खडक असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे साडेचार हजार मीटर आहे. म्हणून अशा प्रदेशांवरून जावयाचे तर अधिक प्राणवायू बरोबर घ्यावा लागतो आणि कोणत्या क्षणी कोणत्या दरीकडे वळावयाचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. त्यापेक्षा वळसा परवडतो. दिल्लीहून थेट उत्तरेस काराकोरम ओलांडून अल्माटीकडे जाणारी प्रवासी विमानांची वहिवाट पडली नाही, याला सरहद्दीइतकाच हा भूगोलही कारण आहे.

वाऱ्याविषयी थोडेच सांगावयाचे. दिल्ली-ताश्कंद मार्गावर पश्चिमेचे उंच वारे बहुतांशी आडवे येतात, त्यामुळे त्यांचा परिणाम मिनिटांत मोजण्याजोगा असतो. वाऱ्याचा खरा प्रताप पाहावयाचा तर पूर्व-पश्चिम प्रवास पाहावा. दिल्लीहून टोकियोस जाताना सुमारे साडेसात ते आठ तास लागतात, परतताना नऊ ते दहा. हिवाळ्यात जपानवरील उंच आकाशात ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहणारे वारे असतात. त्यांना जेट वायुप्रवाह म्हणतात. टोकियोजवळच्या तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो त्यांनी एस्पेरांतो भाषेत लिहिला. सर्व जगाने वाचावा म्हणून जगाची कृत्रिम भाषा निवडली, आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. विज्ञान कोणत्या भाषेत लिहावे, याचा विचार करणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथवर निसर्ग, यंत्र आणि घड्याळ यांचा हिशेब झाला. दिल्ली-ताश्कंद प्रवासात या सर्वांनी मिळून सुमारे एक तासाची भर घातली. उरलेले कारण याहून मोठे आहे, आणि भूगोलाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही आढळत नाही. ते कारण म्हणजे परवानगी.

आकाश कोणाचेच नाही, ही कविकल्पना आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केलेले आहे. त्याबरोबर झालेल्या दुसऱ्या एका कराराने, सही करणाऱ्या राष्ट्रांची विमाने न उतरता परस्परांच्या मुलखावरून जाऊ शकतात. भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश त्यात आहेत. परंतु दोन राष्ट्रांचे बिनसले की ही सवलत अगोदर काढून घेतली जाते, कारण ती काढून घेणे सोपे असते. पूल पाडावा लागत नाही, रूळ उखडावे लागत नाहीत, वैमानिकांसाठी एक सूचना प्रसिद्ध केली की पुरते.

१९६५च्या युद्धात या उड्डाणांत प्रथम मोठा खंड पडला. जानेवारी १९६६ मध्ये समेटाची बोलणी झाली ती ताश्कंद येथेच. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यासमवेत गेलेल्या मंडळींत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १० जानेवारीस करार झाला, त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजींचे तेथे निधन झाले. पुढील महिन्यात दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार होऊन एकमेकांच्या मुलखावरून उड्डाणे पूर्ववत करण्याचे ठरले. दिल्ली आणि ताश्कंद यांच्यामधले आकाश ताश्कंदच्या नावाने झालेल्या कराराच्या पाठोपाठ उघडले, ही इतिहासातील एक विलक्षण जुळणी आहे.

त्यानंतरचे उदाहरण याहून बोलके आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी एक भारतीय प्रवासी विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीस भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते. कराची ते ढाका हे अंतर दोऱ्याने मोजले तर सुमारे २,४०० किलोमीटर. बंदीनंतर विमाने समुद्रावरून कोलंबोमार्गे जाऊ लागली. कराची-कोलंबो आणि कोलंबो-ढाका हे दोन दोरे जोडले तरी ४,६०० किलोमीटर होतात. एकाच राष्ट्रातली दोन शहरे एका दिवसात जवळजवळ दुप्पट लांब गेली. पृथ्वी होती तेवढीच होती. या बंदीवरून उद्भवलेला वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १८ ऑगस्ट १९७२ रोजी त्यातील अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर निकाल लागला. तोवर ढाका ही बांगलादेश या स्वतंत्र राष्ट्राची राजधानी झालेली होती.

पुढेही हे होत राहिले. २००२च्या आरंभापासून २००४च्या आरंभापर्यंत दोन्ही देशांची आकाशे परस्परांच्या विमानांना बंद होती. २०१९ मध्ये पाकिस्तानचे आकाश २७ फेब्रुवारीस बंद झाले. भारताकडील मार्ग पूर्णपणे खुले झाले ते १६ जुलैस. मध्यंतरी अफगाणिस्तानची वेगळीच अडचण उभी राहिली: ऑगस्ट २०२१ मधील सत्तांतरानंतर काबूलची हवाई वाहतूक-नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली आणि अनेक कंपन्यांनी तो भाग टाळण्यास सुरुवात केली. मग २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाला. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले बंद केले, आणि या बंदीची मुदत नंतर महिन्यामहिन्याने वाढत गेली.

या बंदीने दिल्ली-ताश्कंद मार्गाचे काय केले, ते पृथ्वीगोलावर पाहावे. पाकिस्तान वगळून जावयाचे तर दोरा दिल्लीहून नैर्ऋत्येस कच्छच्या बाजूने अरबी समुद्रावर न्यावा लागतो, तेथून पश्चिमेस मकरानच्या किनाऱ्यापलीकडे इराणपर्यंत, मग इराणच्या पूर्व भागावरून उत्तरेस तुर्कमेनिस्तानात आणि शेवटी ईशान्येस ताश्कंदकडे. या दोऱ्याची लांबी चार हजार किलोमीटरांच्या घरात जाते, म्हणजे मूळ अंतराच्या अडीचपट. सव्वादोन-अडीच हजार किलोमीटरांची ही भर, वेळात सुमारे तीन तासांची. मध्यम आकाराचे जेट विमान तासाला दोन ते अडीच टन इंधन जाळते. तेव्हा एका खेपेस सहासात टन इंधन केवळ वळशासाठी, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी थोडे. इंडिगो कंपनीने एप्रिल २०२५च्या अखेरीस अल्माटी आणि ताश्कंदच्या आपल्या फेऱ्या थांबविल्या. ही शहरे आता आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर पडतात, असे कारण तिने दिले. दिल्लीपासून चेन्नईपेक्षा जवळ असलेले शहर पल्ल्याबाहेर गेले, हे वाक्य दोनदा वाचण्यासारखे आहे.

त्याहून चमत्कारिक बाब अशी की, ही बंदी भारतीय नोंदणीच्या, मालकीच्या अथवा भारतीय कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या विमानांपुरती होती. उझबेक कंपनीच्या विमानाला ती लागू नव्हती. एकाच विमानतळावर शेजारी उभ्या असलेल्या दोन विमानांपैकी एकाला ताश्कंद तीन तासांवर आणि दुसऱ्याला पाचसहा तासांवर, आणि फरक काय तर शेपटाकडे रंगविलेल्या नोंदणीच्या अक्षरांचा. न्यूटनच्या नियमांत अशा अक्षरांना स्थान नाही. प्रवासाच्या अवधीत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. सरहद्दी, बंदी आणि वाटाघाटी हा राजकारणाचा प्रांत. विज्ञानाच्या पुस्तिकेने आणि शाळेच्या तासाने त्यात का शिरावे? बंदी योग्य होती की अयोग्य, हे ठरविणे विज्ञानाचे काम नव्हे, हे खरेच आहे. राष्ट्रांना आपल्या सुरक्षिततेची काळजी असते, आणि ज्यांच्या घरी माणसे मारली गेली त्यांना किलोमीटरांचा हिशेब सांगणे शोभणारेही नाही. परंतु एखाद्या प्रवासात किती वेळ कोणत्या कारणाने लागला, हे वेगवेगळे करून मांडणे हे विज्ञानाचेच काम आहे. किंबहुना कारणे वेगळी करणे यापरते विज्ञानाचे दुसरे काम कोणते? पृथ्वीच्या गोलाचे दोन तास, विमानतळाचा व मार्गाचा एक तास, वाऱ्याची काही मिनिटे आणि परवानगीचे तीन तास, अशी चार खाती मांडली की वाद घालणाऱ्यालाही निदान कशाबद्दल वाद घालावयाचा ते कळते. ही खाती न मांडता ‘ताश्कंद दूर आहे’ एवढेच मुलाला शिकविले, तर माणसांनी केलेली गोष्ट निसर्गाने केली असे त्याला वाटू लागते. हिमालय आडवा आला, असे तो आयुष्यभर समजत राहतो. हिमालय आडवा आहे, पण तीन तासांइतका नाही.

आणि या तासांची किंमत मोजणारी माणसे आहेत. समरकंद, बुखारा आणि ताश्कंद येथील वैद्यकीय महाविद्यालयांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. उझबेकिस्तानातून आणि अफगाणिस्तानातून रोगी उपचारासाठी दिल्लीच्या रुग्णालयांत येतात. हृदयविकाराच्या रोग्याला तीन तासांचा प्रवास आणि आखातातील एखाद्या विमानतळावर रात्र काढून होणारा प्रवास यांतील फरक नकाशासंग्रहाच्या कोष्टकात दिसत नाही.

तेव्हा शाळांनी आणि ग्रंथालयांनी काय करावे? खर्चाचे काहीच नाही. बहुतेक शाळांत पृथ्वीगोल असतो, आणि तो कपाटावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवलेला असतो. तो खाली काढावा. भ्रमणध्वनीवर दोन शहरांची नावे टाकली की अंतर तत्क्षणी मिळते, म्हणून दोऱ्याची गरज काय, असे म्हणणारे शिक्षक आता भेटतात. त्यांनी एवढेच पाहावे की दोरा धरणाऱ्या मुलाला आपण कोणाच्या मुलखावरून चाललो आहोत ते बोटाखाली दिसते, आणि आकडा वाचणाऱ्याला ते दिसत नाही. वर्गाच्या भिंतीवर एक कोष्टक लावावे. त्यात शहरांची जोडी, दोऱ्याने मोजलेले अंतर, वेळापत्रकातील जाण्याचा अवधी, येण्याचा अवधी, घड्याळांतील फरक आणि मधले देश असे रकाने असावेत. शेवटचा रकाना वेळापत्रक पाहिल्याच्या तारखेचा असावा; तो रिकामा असेल तर ती ओळ ग्राह्य धरू नये. दिल्ली-ताश्कंद, दिल्ली-काबूल, दिल्ली-टोकियो, मुंबई-लंडन या जोड्या प्रथम घ्याव्यात, आणि दर सहा महिन्यांनी त्याच जोड्यांची नवी ओळ जुन्या ओळीखाली लिहावी, जुनी पुसू नये. कराची-ढाका ही १९७१ सालची ओळ मात्र मुलांना वेळापत्रकात सापडणार नाही. ती शिक्षकाने स्वतः, दोन्ही दोरे मोजून, सर्वांत वर लिहून द्यावी.